उलटा तळवा

आमची शाळा चारला सुटते तेव्हा फाटकाशी आवाज कमी आणि हात जास्त असतात. रिक्षावाले, वडापवाले, पिशव्या धरून उभ्या असलेल्या आया, आणि त्यांच्या डोक्यांवरून, रिक्षाच्या पडद्याआडून एकमेकांना शेवटचं काहीतरी सांगत राहिलेली पोरं. कर्णबधिर मुलांच्या गप्पा रस्ता ओलांडल्यावरही चालू राहतात. ऐकू जायला जवळ असावं लागतं, दिसायला नाही.

त्या गर्दीत एक मुलगा मला रोज टाटा करायचा, आणि रोज उलटा करायचा. तळवा स्वतःच्या तोंडाकडे, हाताची पाठ माझ्याकडे. मी जवळ जाऊन त्याचं मनगट धरायचे, हात फिरवून तळवा माझ्याकडे करायचे, 'हं, असं' म्हणून मान हलवायचे. तो हात ओढून घ्यायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. असं सव्वा वर्ष चाललं. बावीस वर्षं या मुलांना शिकवते आहे, त्यामुळे चूक दिसली की हात आपोआप दुरुस्तीला जातो. मास्तरकीत हा रोग लागतोच.

त्याचं नाव इथे लिहीत नाही. शाळेत तसंही त्याला नावाने कोणी हाक मारत नाही, ऐकणार कोण? आमच्याकडे प्रत्येकाला एक खूण मिळते आणि ती पोरंच ठरवतात. बाईंनी ठेवलेली खूण टिकत नाही. माझी खूण म्हणजे नाकावरचा चष्मा वर सरकवणं. मुख्याध्यापकांची पोटावरून आहे, ती त्यांना अजून कळलेली नाही. या मुलाच्या डाव्या भुवईत लहानपणी पडल्याची खोक आहे, तिथे केस उगवत नाहीत. एका बोटाने भुवई मधोमध कापली की तो. म्हणून मीही त्याला भुवईच म्हणते. आणि गंमत अशी की खुणांच्या भाषेत प्रश्न हातांत कमी आणि चेहऱ्यावर जास्त असतो. भुवया, डोळे, हनुवटी यांच्या हालचालीने साध्या वाक्याचा प्रश्न होतो. ज्या पोराने कधी कोणाच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही, त्याच्या वाट्याला खूण आली ती भुवईची.

तो साडेसहा वर्षांचा असताना आमच्याकडे आला. फायलीत बेरा टेस्टचा, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा रिपोर्ट, दोन्ही कानांचा दोष ९० डेसिबलच्या वर, आणि प्लॅस्टिकच्या डबीत दोन मशीनं. (श्रवणयंत्र हा शब्द आम्ही फक्त अर्जात लिहितो. घरीदारी सगळे मशीनच म्हणतात.) मशीनचे मोल्ड, म्हणजे कानात बसणारे साचे, घातले की तो किंचाळायचा. एक मशीन बादलीत बुडवून झालेलं होतं. त्याची आई टेबलासमोर बसली, पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "बाई, मशीन लावलं तरी बघत नाही हो."

ऐकत नाही असं ती म्हणाली नाही. बघत नाही, म्हणाली. तीन शब्दांत तिने सगळं निदान माझ्यासमोर ठेवलं होतं आणि मी 'होईल सवय' म्हणून प्रवेशाचा फॉर्म पुढे सरकवला.

दोष एकट्या माझा नाही, पण थोडा आहेच. बहिरेपणाचं पांघरूण फार मोठं असतं, त्याखाली काहीही झाकलं जातं. मूल हाकेला वळत नाही? ऐकू येत नाही ना. बोलत नाही? तेच कारण. इतर पोरांत मिसळत नाही, हट्टी आहे, चिडतं? भाषा नाही म्हणून. कानाच्या डॉक्टरांनी आईला सांगितलं होतं, मशीन लागलं की फरक पडेल. मशीन लागलं. मग सांगितलं, वेळ लागतो. तिने दोन वर्षं वेळ दिला. उलट दिशेनेही हाच घोळ होतो. लिओ कॅनर या डॉक्टरांनी १९४३ साली अमेरिकेत ज्या ११ मुलांबद्दल लिहिलं आणि जिथून ऑटिझम या अवस्थेला आजचं नाव मिळालं, त्यांतल्या काहींना आधी बहिरंच समजलं गेलं होतं. ऐकू येणारं मूल बहिरं वाटतं आणि बहिरं मूल नुसतंच बहिरं वाटतं, इतकी ही दोन घरं एकमेकांना चिकटून आहेत.

मराठीत आपण स्वमग्न म्हणतो. शब्द ज्याने काढला त्याने मनापासून काढला असेल, पण मला तो ऐकला की ध्यानाला बसलेला बुवा दिसतो. भुवई स्वतःत कुठे मग्न होता? तो पंख्यात मग्न होता. टाकीच्या तोटीतून गळणाऱ्या थेंबात, खिडकीच्या गजांच्या सावलीत, दाराच्या कडीत मग्न होता. 'स्व' सोडून बाकी सगळ्यात. मूकबधिरचं कर्णबधिर करायला आम्हाला कितीतरी वर्षं लागली आणि जुन्या पाट्यांवर अजून मूक आहेच, तेव्हा या शब्दाचं काय होणार ते होवो.

दीड वर्षाने आम्हाला शंका आली आणि त्याची तपासणी झाली. आपल्याकडे त्यासाठी इसा नावाची मोजपट्टी वापरतात. ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ गुण, बेरीज ७० किंवा त्याहून जास्त झाली की स्वमग्नता. पट्टी चांगली आहे, पण ती करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर ऐकणारं मूल होतं. बोलण्याच्या भागातले प्रश्न, शब्दांचा प्रतिध्वनी, 'मी'च्या जागी 'तू' म्हणणं, हे सगळं आमच्या मुलाला कसं लावायचं? तपासणाऱ्या बाई प्रामाणिक होत्या. त्या मला म्हणाल्या, "खुणा मला येत नाहीत, तुम्ही शेजारी बसा." दोघींनी मिळून तो कागद भरला. आकडा ७० च्या पुष्कळ वर गेला.

आणि मग पोराची फिरती सुरू झाली. स्वमग्न मुलांच्या शाळेने सांगितलं, आमच्याकडे खुणांची भाषा कोणाला येत नाही, तुम्हीच ठेवा. आमच्या स्टाफरूममध्ये सूर निघाला, आपण या मुलांचं प्रशिक्षण कुठे घेतलंय, त्यांनीच ठेवावं. दोघांचंही खरं होतं, हीच पंचाईत. विशेष शिक्षकांचे अभ्यासक्रम अपंगत्वाच्या प्रकारानुसार वेगवेगळे. मी श्रवणदोषाचा केला, त्यांनी स्वमग्नतेचा. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, त्यात स्वमग्नता नव्हतीच. २०१६ च्या कायद्यात २१ झाले, त्यात ती आली, आणि एकाहून जास्त अपंगत्वं असलेल्यांसाठीही जागा झाली. म्हणजे कायद्याने २१ खोल्या बांधल्या. आमचं पोरगं मात्र दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीत. त्याची आई दोन फायली घेऊन एसटीने दोन शाळांमध्ये चकरा मारत राहिली आणि शेवटी आमच्याकडेच राहिली, कारण आमची शाळा स्टँडपासून जवळ होती. शिक्षणशास्त्राने नाही, एसटीच्या थांब्याने हा निर्णय घेतला.

आता माझ्या वर्गाबद्दल सांगते, म्हणजे अडचण कळेल. आमच्याकडे बाकं ओळीत नसतात, घोड्याच्या नालेसारखी मांडतात, सगळ्यांना सगळ्यांचे हात दिसावेत म्हणून. घंटेऐवजी दिवा लागतो. लक्ष वेधायचं तर खांद्यावर थाप मारायची, लांब असेल तर पाय आपटायचा म्हणजे फरशीतून कळतं, सगळ्यांनाच बोलवायचं तर ट्यूबचं बटण दोनदा खालीवर करायचं. आणि मग एकच आज्ञा, दिवसातून शंभर वेळा: माझ्याकडे बघ. ओठ वाचायचे तर बघ, खूण वाचायची तर बघ. ऐकणाऱ्या मुलाला पाठमोरं असताना शिकवता येतं, आमच्या मुलाने पाठ फिरवली की शाळा बंद. आमचं सगळं दुकान या एका खिडकीवर चालतं.

भुवईने पहिल्याच आठवड्यात दुकान बंद केलं. खांद्यावर थाप मारली की चटका बसल्यासारखा अंग चोरायचा. पाय आपटला की फरशीला हात लावून बसायचा, पुन्हा आपटा म्हणून. दिव्याची खूण तर इतकी आवडली की स्वतःच उठून बटणापाशी जायचा, वर-खाली, वर-खाली. दोन ट्यूबा गेल्या. आणि नजर? मी त्याची हनुवटी धरून तोंड माझ्याकडे वळवायचे. आज लिहिताना लाज वाटते, पण वळवायचे. तोंड वळायचं, बुबुळं नाही.

पुस्तकं वाचली. स्वमग्न मुलांच्या पुस्तकांत लिहिलेलं, डोळ्यांपुढची गर्दी कमी करा, टेबल कोऱ्या भिंतीकडे तोंड करून ठेवा. बहिऱ्या मुलाला भिंतीकडे तोंड करून बसवायचं? त्याचे डोळे हेच त्याचे कान आहेत. आणि नालेच्या मधोमध बसवलं तर दहा पोरांचे वीस हात चहूकडून हलतायत. एका पुस्तकाचं ऐकलं की दुसऱ्याचं मोडतं. शेवटी कोपऱ्यात तिरकं टेबल टाकलं आणि एका बाजूला जुना नोटीस बोर्ड उभा केला. अर्धी भिंत, अर्धा वर्ग. फार शास्त्रीय नव्हतं.

एक गोष्ट मात्र मला पुस्तकांशिवाय कळली, आणि ती स्वयंपाकघरात. एका रविवारी कुकरची तिसरी शिट्टी झाली आणि आमच्या घरातला टीव्हीसमोर बसलेला माणूस आपोआप हात धुवायला उठला. मी उभीच राहिले. ऐकू येणाऱ्याला जग आधी कळवून येतं. शिट्टी झाली की जेवण, गाडीचा आवाज आला की बाबा, जिन्यात चपला वाजल्या की कोणीतरी येतंय, मिक्सर लागला की चटणी. बहिऱ्या मुलाकडे काहीच कळवून येत नाही. ताट एकदम समोर येतं. आई एकदम खोलीत असते. मागून कोणीतरी एकदम उचलतं. आमची बाकीची पोरं यावर उपाय काढतात, सारखी मान वळवून चाहूल घेत राहतात, दुसऱ्याच्या चेहऱ्यावरून ओळखतात की मागे काहीतरी झालंय. आणि भुवईसारखं मूल, ज्याला पुढे काय होणार हे कळल्याशिवाय जिवाला थारा नाही, ते मान वळवत नाही आणि चेहरे वाचत नाही. त्याच्यासाठी प्रत्येक गोष्ट दार मोडून आत येते. मी त्याच्या किंचाळण्यांची नोंद ठेवली होती. ती वही पुन्हा चाळली तेव्हा बहुतेक किंचाळ्या कुठल्या एका गोष्टीमुळे नव्हत्या, एका गोष्टीतून दुसरीत जाताना होत्या.

मग कार्डं केली. परदेशात अशा चित्रकार्डांच्या रीतसर पद्धती आहेत, १९८५ च्या सुमारास अमेरिकेत निघालेली एक तर जगभर गेली. आमची घरगुती होती. मोबाइलवर फोटो काढायचे, झेरॉक्सच्या दुकानात लॅमिनेट करायचे, मागे शिवणवर्गातली वेल्क्रोची पट्टी. प्रार्थना, वर्ग, डबा, शिवण, वर्ग, रिक्षा. झालं की कार्ड काढून डब्यात टाकायचं. डबा, म्हणजे जेवणाचा, याच्या फोटोत आम्ही दुसऱ्याच मुलाचा डबा टाकला होता, त्यावरून तीन दिवस रामायण झालं. त्याचा डबा निळा होता, फोटोतला हिरवा. चूक आमची होती.

पण कार्डांनी दिवस लागला, भाषा लागली नाही. त्या काळात तो चावायला लागला.

मधल्या सुट्टीत टाकीपाशी पोरं त्याच्याभोवती जमायची. त्रास द्यायला नाही, बरेचदा खेळायला. तो हात वर करायचा, पोरं आणखी जवळ यायची, तो चावायचा. एका मुलाच्या दंडावर दात उमटले. त्याचे वडील शाळेत आले. भुवईची आई ऑफिसच्या दाराशी तोंडाला पदर लावून उभी होती. मी वर्गाच्या वहीत लिहिलं: 'विनाकारण चावला.'

आता शिवणाच्या बाई. त्यांची खूण म्हणजे अंगठा आणि तर्जनीने सुई ओढल्यासारखं. त्या स्वतः जन्मापासून बहिऱ्या. आमच्या शाळेत त्यांचं काम मशीनवर टीप घालायला, काजं-बटणं करायला शिकवणं, शिक्षक म्हणून त्यांची गणना कागदावर खालच्या ओळीत. त्यांचं स्वतःचं शिक्षण झालं तेव्हा शाळेत खुणा करायला बंदी होती. हात पाठीमागे, नाहीतर बाकावर, आणि बाईंच्या ओठांकडे बघून 'पपपप, बबबब'. १८८० साली इटलीतल्या मिलान शहरात बहिऱ्यांच्या शिक्षकांची परिषद भरली, तिने ठराव केला की बहिऱ्या मुलांना बोलायलाच शिकवायचं, खुणांनी नाही. त्या ठरावाची सावली आमच्या भागातल्या शाळांपर्यंत शंभर वर्षांनंतरही पोचत होती. २०१० साली कॅनडातल्या व्हँकूव्हरला त्याच परंपरेतल्या परिषदेने तो ठराव मागे घेऊन खेद व्यक्त केला. तोवर शिवणाच्या बाईंचं वय पन्नाशीला टेकलं होतं. मी हे त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी दोऱ्याचं टोक दाताने तोडलं आणि 'बरं' अशी खूण केली.

एकदा बाहेरून एक तज्ज्ञ आले होते. भुवई आनंदात असला की दोन्ही हात खांद्याच्या वर नेऊन पंजे झडझड हलवतो. ते बघून ते म्हणाले, "हे थांबवायला हवं, हात खाली ठेवायला शिकवा." शिवणाच्या बाईंनी मला कोपराने ढोसलं, काय म्हणतायत? मी खुणेने सांगितलं, हात खाली. त्या तज्ज्ञांकडे जरा वेळ बघत राहिल्या, आणि मग जी खूण केली ती मी इथे लिहू शकत नाही. त्यांना सुदैवाने ती कळली नाही. त्यांना आमच्या टाळ्याही माहीत नसाव्यात. बहिऱ्यांच्या टाळ्या वाजत नाहीत, दोन्ही हात वर करून पंजे हलवायचे. त्या वर्षी स्नेहसंमेलनात नाच संपला आणि सगळा मंडप हात वर करून पंजे हलवायला लागला, तेव्हा तिसऱ्या रांगेत भुवईही हलवत होता. तो आधीपासून हलवत होता आणि नंतरही हलवत राहिला हे खरं, पण मधल्या अर्ध्या मिनिटात त्याच्या आईलासुद्धा आपला मुलगा त्या गर्दीतून वेगळा काढता आला नसता.

तर शिवणवर्गात तो शांत बसायचा. मला वाटायचं, बटणांमुळे. बटणं त्याला आवडतातच, चार भोकांची वेगळी, दोन भोकांची वेगळी, असा तो तास-तास लावत बसतो. पण एक दिवस मी दारात उभी राहून नीट पाहिलं. बाई त्याच्या समोर बसत नव्हत्या, बाकावर त्याला लागून बसत होत्या, दोघांचीही तोंडं एकाच दिशेला. आणि खुणा त्या छातीसमोर करत नव्हत्या, त्याच्या बटणांच्या ताटलीवर करत होत्या, तो जिथे बघतोय तिथे, खाली. 'लाल' म्हणायचं तर ताटलीजवळ. 'अजून' म्हणायचं तर ताटलीजवळ. त्याच्या नजरेला कुठेही जावं लागत नव्हतं, भाषाच नजरेच्या वाटेत येऊन बसत होती. नंतर कळलं, बहिऱ्या आया आपल्या बाळांशी अशाच बोलतात, बाळ खेळण्याकडे बघत असेल तर खेळण्यापाशी हात नेऊन. कोणी शिकवलेलं नसतं.

मी बाईंना तक्रारीच्या सुरात म्हटलं, हा टाटा उलटा करतो, 'थांब' उलटी करतो, 'पाच' उलटे दाखवतो, शिकतच नाही. त्यांनी मला दंडाला धरून भुवईच्या जागेवर बसवलं. स्वतः समोर उभ्या राहिल्या. हात पुढे करून 'थांब' केली. विचारलं, काय दिसतं?

तळवा.

मग त्याने करून दाखवलेली उलटी 'थांब' त्यांनी माझ्याच हाताने माझ्यासमोर केली. तळवा माझ्या तोंडाकडे. काय दिसतं?

तळवा.

त्यांनी खांदे उडवले. मग चुकलं काय?

मी त्या छोट्या बाकावर, गुडघे वर आलेल्या अवस्थेत, किती वेळ बसले आठवत नाही. आमची बाकीची मुलं खूण शिकताना मनातल्या मनात फिरून समोरच्याच्या जागी जातात. त्याला हाताची पाठ दिसत असणार, म्हणजे मलाही माझ्या हाताची पाठ दिसायला हवी. हे इतकं सहज होतं की असं काही होतं हेच आपल्याला कळत नाही. भुवई ती फेरी मारत नव्हता. जे दिसलं ते जसंच्या तसं काढत होता. आणि जसंच्या तसं काढायचं तर आधी बघावं लागतं. जो मुलगा बघत नाही म्हणून मी दोन वर्षं फायलीत लिहीत होते, त्याने माझा तळवा इतका बारकाईने पाहिला होता. तो चेहऱ्याकडे बघत नव्हता एवढंच. हातांकडे बघत होता, आणि खुणांच्या शाळेत दुसरं काय बघायचं असतं?

पुढे वाचनात आलं की अमेरिकेत एरन शील्ड आणि रिचर्ड मायर यांनी हेच नोंदवलं आहे, २०१२ साली. त्यांनी मुद्दाम अशी स्वमग्न मुलं निवडली ज्यांचे आईबाप बहिरे आहेत, म्हणजे खुणा उशिरा मिळाल्या असं म्हणायला जागा नको. त्यांतल्या काही मुलांचेही तळवे उलटे होत होते. त्याच देशात २००९-१० च्या शाळांच्या पाहणीत श्रवणदोष असलेल्या आठ वर्षांच्या मुलांत साधारण ५९ मागे एक स्वमग्न निघालं. आमच्या शाळेचा पट ५९ च्या वर आहे. मी मनातल्या मनात जुनी बॅच आठवायला लागले. तो एक जो सारखा रांगेबाहेर जायचा. ती एक जी चार वर्षांनी नाव काढून घेऊन गेली. ती यादी मी पुरी केली नाही.

आणि मग टाकीपाशी जमलेली पोरं आठवली. तो हात वर करायचा, तळवा स्वतःकडे. तो 'थांब' म्हणत होता. समोरून बघणाऱ्याला ते 'ये' दिसत होतं, म्हणून पोरं येत होती. तो पुन्हा 'थांब' म्हणायचा, ती आणखी जवळ यायची. वहीतलं 'विनाकारण' तसंच आहे, शाईने लिहिलेलं.

दुसऱ्या दिवसापासून मी त्याच्या शेजारी बसायला लागले. समोरून शिकवायची बावीस वर्षांची सवय मोडणं सोपं नाही, मान दुखते. दोघांची तोंडं भिंतीकडे, माझा हात त्याच्या हाताला लागून, 'थांब'. आता माझ्या हाताची पाठ मला दिसते तशी त्यालाही दिसते. पहिल्या दिवशी त्याने माझ्या हाताकडे पाहिलं आणि स्वतःचा हात उलटा-सुलटा करून दोन्ही बाजूंनी पाहिला, कापड निवडताना बायका पाहतात तसा. तीन आठवडे गेले. मग एक दिवस मी मशीन लावायला त्याच्या कानाकडे हात नेला, आणि त्याने पंजा माझ्या तोंडासमोर धरला. तळवा माझ्याकडे. मशीन त्या दिवशी डबीतच राहिलं.

सगळंच असं सरळ झालं नाही. टाटा अजून उलटाच आहे. तो फार जुना आहे, बसून गेलाय. फाटकावरचे मामाही आता त्याला उलटाच करतात. शिकवण्याचं म्हणाल तर शब्द दीडशेच्या आसपास आले, वाक्य दोन खुणांच्या पुढे फारसं जात नाही. आमच्या पिढीच्या शिक्षकांना मुळात खुणा कोणी शिकवल्याच नव्हत्या, आम्ही पोरांकडून उचलल्या. दिल्लीत २०१५ साली भारतीय सांकेतिक भाषेचं केंद्र निघालं, २०२१ पर्यंत त्यांच्या शब्दकोशात १०,००० शब्द झाले, मोबाइलवर बघता येतात. तरीही बाकावर शेजारी कसं बसायचं ते शब्दकोशात नसतं.

त्याच्यानंतर आणखी एक आली, रिबीन. ती उलटं करत नाही, पण तुम्ही जे विचाराल ते तुम्हालाच परत करते. 'भूक लागली?' विचारलं की 'भूक लागली?'. स्वतःकडे बोट करणं तिला जमत नाही. खरं तर 'मी' आणि 'तू' खुणांत किती सोपे, नुसतं बोट दाखवायचं. पण ती छातीकडे बोट नेत नाही, स्वतःची खूण करते. रिबीन पाणी. रिबीन घरी. मी तिला दुरुस्त करायला हात उचलला होता, तो खाली घेतला. बघू.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत भुवईच्या आईने व्हॉट्सॲपवर एक व्हिडिओ पाठवला. गावाकडचं घर, सोप्यात गोणपाटावर भुईमुगाच्या शेंगांचा ढीग. आजी पाय पसरून बसलेली आणि तिला लागून भुवई, दोघांची तोंडं अंगणाकडे. आजी शेंग फोडते, दाणे सुपात, टरफल बाजूला. तोही तसंच. त्याच्यासमोरच्या शेंगा संपल्या की तो आजीच्या मांडीवर, तिच्या हाताजवळ, 'अजून' करतो, आणि आजी तिकडे न बघताच ओंजळभर शेंगा त्याच्यापुढे सरकवते. मी फोन केला. आजीशी बोलायचंय म्हटलं. विचारलं, हे कधीपासून असं बसता?

"आता कधीपास्नं म्हंजी, चालाय लागला तवापास्नं. तुमी शिकिवता ते हातवारं मला काय जमत न्हाईत, बाई. ह्यो आपला बसतोय माझ्याजवळ."

मी विचारलं, समोर का नाही बसवत?

"समोर बसवून कसं हुईल? शेंगांचं सूप एकच हाय न्हवं."